मोहितेबेनचं शून्य

परवा ऑफिसात नव्याने लागलेल्या एका मुलीने स्क्रीनवरच्या आलेखाकडे बोट दाखवलं. रेषा मध्येच तुटली होती, कारण तेवढ्या वेळाची माहिती आलीच नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, वाईट दिसतंय. तिथे शून्य भरून टाकू का? रेषा जोडली जाईल."

"नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मुलगी घाबरली. मी तिला जवळ बसवून समजावलं, पाणी प्यायले, पण उरलेला दिवस कामात लक्ष लागलं नाही. मोहितेबेन डोक्यातून जाईनात.

मोहितेबेन म्हणजे माधवी मोहिते. बडोद्याजवळ वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत रंगांसाठी लागणारं रेझिन बनवणारा आमचा कारखाना होता, तिथे त्या रिपोर्ट विभागाच्या प्रमुख होत्या. घर हरणीला. पिढ्यान् पिढ्या बडोद्यातले. "आमचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, आणि मी आकड्यांच्या पागेत," असं नव्या माणसाला हमखास सांगायच्या आणि स्वतःच आधी हसायच्या. कारखान्यात सगळ्या बायकांना बेनच म्हणतात, मग ती मराठी असो की मल्याळी. मी लग्न होऊन नाशिकहून आलेली, मला सुरुवातीला मराठी बाईला बेन म्हणायला अवघड जायचं. त्या म्हणाल्या, "ताई म्हण, मावशी म्हण, काहीही म्हण. पण बोलव ने. गप्प बसून चुकीचा रिपोर्ट पाठवू नको."

ठेंगणा बांधा, आखूड कापलेले पांढरे केस, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ. टेबलाखाली चपला काढून ठेवायच्या आणि कोणी हाक मारली की तशाच अनवाणी निघायच्या. डब्यात स्वतःसाठी पोळीभाजी आणि आमच्यासाठी लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा, तोही खास मांडवीच्या बाजारातून आणलेला. कंपनीने रिपोर्ट बनवायचं नवं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा आयुष्यभर एक्सेलवर काम केलेली माणसं हादरली होती. काहींनी तर लॉगिन करायचंही टाळलं. त्यांना त्यात उतरवलं ते मोहितेबेननी.

त्यांची एक रीत होती. दुसऱ्याच्या माउसला त्या कधी हात लावत नसत. कोणी अडलं की त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहायच्या, दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या आणि म्हणायच्या, "वांधो नाही. एक ओळ दाखव." समोरचा एकूण बेरीज चुकल्याचं रडगाणं गात असायचा. बेनना बेरजेत रस नसायचा. "बेरीज मला नको सांगू. एक ओळ दाखव. एक बिल, एक पिंप, एक माणूस. तो कुठून आला आणि कुठे हरवला ते बघू."

मग ती एक ओळ धरून त्या आणि तो अडलेला माणूस मागे मागे जायचे. बहुतेक वेळा कारण साधं निघायचं. एकाच पुरवठादाराचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं असायचं आणि दोन तक्ते जोडताना त्याचा माल दुप्पट व्हायचा. किंवा आकडा म्हणून जे दिसतंय ते खरं तर अक्षरं असायची, त्यामुळे ती बेरजेत धरलीच जायची नाहीत. कधी रिपोर्ट ताजाच केलेला नसायचा आणि माणूस मागच्या आठवड्याच्या आकड्यांशी भांडत बसलेला असायचा. चूक सापडली की बेन सांगत नसत. माणसाला ती स्वतः दिसेपर्यंत मागे उभ्या राहायच्या. त्याला दिसली की पाठीवर थाप मारून जायच्या.

मेंटेनन्सचे परमारभाई एकदा मीटिंगमध्ये त्यांचा रिपोर्ट दाखवत होते. कोणतं मशीन कधी बिघडलं, त्याचा. मोहितेबेन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "परमारभाई, तुमच्या मशिनी फार शहाण्या आहेत. बारा तारीख उलटली की एकही बिघडत नाही."

परमारभाई खुलले. "अमारो मेंटेनन्स सारो छे ने, बेन!"

सगळे हसले तेव्हा त्यांना कळलं. सॉफ्टवेअर दिवसाला महिना समजत होतं. तेरावा महिना नसतो, म्हणून तेरा तारखेपासून पुढच्या सगळ्या नोंदी त्याने मुकाट्याने बाजूला काढून ठेवल्या होत्या. बसमध्ये परत येताना बेन मला म्हणाल्या, "हाच याचा त्रास आहे बघ. माणूस चुकतो तेव्हा अडखळतो, घाम पुसतो. हे चुकतं तेव्हा पण तोंडभर हसून उत्तर देतं."

दुसरी आठवण शाहसाहेबांची. ते कारखान्याचे प्रमुख. एका सकाळी ते केबिनमधून ओरडतच बाहेर आले. महिन्याचं उत्पादन अर्ध्याहून कमी दिसत होतं. उत्पादनवाले, स्टोअरवाले, सगळे त्यांच्या स्क्रीनभोवती गोळा झाले आणि एकमेकांवर ढकलायला लागले. मोहितेबेनना मागून एका नजरेत दिसलं की साहेबांनी आदल्या दिवशी रिपोर्टला फक्त एकाच रिॲक्टरचा फिल्टर लावला होता आणि काढायला विसरले होते. त्या सगळ्यांना म्हणाल्या, "प्रत्येकाने आपापल्या जागेवर जाऊन रिपोर्ट उघडा. तिथे पण असंच दिसतं का बघा." केबिन रिकामी झाली तेव्हा त्यांनी साहेबांना स्क्रीनचा तो कोपरा नुसता बोटाने दाखवला. साहेब थोड्या वेळाने बाहेर आले आणि सर्व्हरमध्ये गडबड होती म्हणून जाहीर केलं. बेन म्हणाल्या, "हो, होती."

ते दिवस असे होते. कारखान्यात कोणाचाही रिपोर्ट अडला की माणसं मोहितेबेनचं नाव घ्यायची. त्यांच्या बसमधल्या शेजारच्या जागेसाठी आम्ही बायका भांडायचो.

पंपघर जमिनीखाली होतं. सात-आठ पायऱ्या उतरून जावं लागे. रेझिन पातळ करायच्या सॉल्व्हंटची वाफ जड असते, खाली साचते आणि तिथली हवा खाऊन टाकते. म्हणून आत वाफ मोजणारा सेन्सर होता, आणि पंपघराच्या दाराशेजारी भिंतीवर एक टीव्ही. त्यावर आकडा दिसायचा आणि मागे रंग, हिरवा किंवा लाल. नियम असा की खाली उतरण्यापूर्वी परवाना घ्यायचा आणि हातातल्या मीटरने हवा तपासायची. पण टीव्ही लागल्यापासून परवाना कोणी घेत नसे. माणसं रंग बघायची आणि उतरायची. हे सगळ्यांना माहीत होतं, वरपासून खालपर्यंत.

रमणभाई पंपावर काम करायचे. वाघोडियाच्याच बाजूच्या गावातले, पन्नाशीकडे झुकलेले, कमी बोलणारे. कॅन्टीनमध्ये मोहितेबेन दिसल्या की "जय श्री कृष्ण, बेन" म्हणून पुढे जायचे. त्यापलीकडे आमची ओळख नव्हती. दुपारच्या पाळीत ते खाली उतरले आणि वर आले नाहीत. त्यांच्या जोडीदाराला पायऱ्यांच्या तळाशी त्यांचा हात दिसला. त्याने खाली उडी मारली नाही, आरडाओरडा केला, म्हणून तो तरी वाचला. मास्क लावलेली माणसं येईपर्यंत रमणभाई गेले होते.

जोडीदार रडत एकच गोष्ट सांगत होता. "त्यांनी टीव्ही बघितला. चोख्खुं छे, म्हणाले, आणि उतरले." चोख्खुं छे, म्हणजे स्वच्छ आहे.

आम्ही सगळे तिथे धावलो होतो. टीव्ही अजून चालूच होता. हिरव्या रंगावर पांढरं शून्य.

मोहितेबेन त्या शून्याकडे बघत उभ्या होत्या. मग कोणाशी न बोलता वळल्या आणि ऑफिसकडे चालू लागल्या. मी मागे गेले. त्यांनी पंपघराचा रिपोर्ट उघडला आणि एक ओळ काढली, त्या दिवशीची, त्या सेन्सरची. मूळ तक्त्यात तिथे काहीच नव्हतं. आदल्या दिवशीही नव्हतं. रंगकाम करताना सेन्सरची वायर तुटली होती आणि तेव्हापासून तो मुका होता. मूळ तक्त्यात रिकामी चौकट. टीव्हीवर शून्य.

"मधे कोणीतरी भरलंय," मी म्हणाले.

सॉफ्टवेअर कोणती पायरी कधी केली ते सांभाळून ठेवतं. त्या एक एक पायरी मागे गेल्या. एका पायरीवर थांबल्या. रिकाम्या जागी शून्य घालण्याची ती पायरी होती, आणि तिला करणाऱ्याने नाव दिलं होतं: रेषा जोडली.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या.

हे सॉफ्टवेअर नवं नवं आलं तेव्हा त्यांनी शिकताना बनवलेला तो पहिलावहिला रिपोर्ट होता. रेषा तुटलेली दिसत होती, बघायला वाईट वाटत होतं, म्हणून शून्य घालून जोडली. प्रत्येक शिकाऊ माणूस हे एकदा तरी करतो. नंतर त्या हे सगळ्यांना करू नका म्हणून शिकवत आल्या. पण तो पहिला रिपोर्ट कोणीतरी पुढे पंपघराच्या टीव्हीसाठी नमुना म्हणून उचलला, आणि त्यात ती पायरी तशीच राहून गेली. मागे जाऊन बघायचं कोणाला सुचलं नाही. त्यांनाही नाही.

माउसवरचा हात त्यांनी उचलला आणि मांडीवर ठेवला, परक्याचा असावा तसा.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्याच्या चौकशीचा मसुदा फिरायला लागला. कामगाराने परवाना घेतला नाही. कामगाराने मीटर वापरला नाही. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. टीव्हीचा उल्लेख कुठेच नव्हता. टीव्ही एव्हाना काढूनही टाकला होता, भिंतीवर नुसती भोकं राहिली होती.

मोहितेबेन शाहसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मला म्हणाल्या, "तू पण चल. माझा आवाज गेला तर तू सांग."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मराठी-गुजराती मिसळून म्हणाले, "बेन, तो टीव्ही फक्त माहितीसाठी होता. सुरक्षेसाठी परवाना आहे, मीटर आहे. त्याने नियम मोडला ही गोष्ट खोटी आहे का?"

"नाही."

"मग? तुम्ही स्वतःवर कशाला ओढून घेता? कोणी विचारलं नाही तुम्हाला. पायरीबियरी कोणाला समजते? तुम्ही माझी लाज राखली होती एकदा, मी विसरलो नाही. घरी जा, थोडे दिवस आराम करा."

"साहेब, तेव्हा फिल्टर होता," त्या म्हणाल्या. "इथे माणूस गेलाय. आणि आपण लिहितोय की तो आंधळेपणाने उतरला. तो बघून उतरला. आपण त्याला खोटं दाखवलं."

"आपण नाही. मशीनने."

"मशीनला मी शिकवलं होतं."

साहेब खिडकीकडे बघायला लागले. "सरकारी तपासनीस उद्या येतायत. मी तुम्हाला बोलवणार नाही."

त्या न बोलावता गेल्या. तपासनीसांसमोर त्यांनी तो रिपोर्ट उघडला आणि पायरीन् पायरी दाखवली. ही माझी, असं सांगितलं. सेन्सरची वायर तुटल्याचं मेंटेनन्सला माहीत होतं का, असं परमारभाईंना विचारलं गेलं. ते घाम पुसत राहिले आणि शेवटी हो म्हणाले. परवान्याशिवाय माणसं रोज उतरत होती हेही निघालं. शेवटी जो अहवाल झाला त्यात सगळ्यांवर थोडं थोडं लिहिलं होतं, रमणभाईंवरही. कोणाला शिक्षा झाली नाही. मोहितेबेनना महिन्याभरात राजीनामा द्यायला सांगितलं गेलं. त्या त्याच दिवशी लिहून आल्या. नोटिशीचा महिना तेवढा भरायचा राहिला.

तो महिना मी विसरू शकत नाही. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी असायची. मी बसले की पुढच्या बायका कुजबुजायच्या. परमारभाई त्यांच्याजवळून जाताना मान फिरवायचे. एकदा कॅन्टीनमध्ये कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "हरिश्चंद्र व्हायचं होतं, सगळ्यांना अडकवलं." त्या जेवत राहिल्या. वांधो नाही हे शब्द त्यांच्या तोंडून मी त्यानंतर ऐकले नाहीत.

शेवटच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "रमणभाईंच्या घरी जायचंय. त्यांच्या बायकोला लोक सांगतायत की तुझा नवरा निष्काळजी होता. ती तेच धरून बसेल."

"त्या तुम्हाला घरात घेतील?"

"नाही घेतलं तर दारातून सांगेन."

रमणभाईंच्या बायकोने, कोकिलाबेननी, घरात घेतलं. पुढच्या खोलीत खाटेवर रमणभाईंचे म्हातारे वडील पडले होते. आम्ही खाली चटईवर बसलो. कोकिलाबेनना वाटलं कंपनीतून विचारपूस करायला आलोत. त्या चहा ठेवायला उठल्या. मोहितेबेन म्हणाल्या, "आधी ऐका. मग ठरवा चहाचं."

त्यांनी गुजरातीत सांगायला सुरुवात केली. चांगलं गुजराती होतं त्यांचं, पण त्या दिवशी शब्द सापडत नव्हते. शेवटी त्यांनी शेजारच्या दोन वाट्या ओढल्या. एका वाटीवर झाकण ठेवलं. "या वाटीत काय आहे ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. दुसरी उघडी वाटी कोकिलाबेनना दाखवली. "हिच्यात काही नाही, हे मला माहीत आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत ना?"

कोकिलाबेननी मान हलवली.

"सेन्सर बंद होता. म्हणजे आत काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. टीव्हीने सांगायला हवं होतं की मला माहीत नाही. त्याने सांगितलं, आत काही नाही. ते सांगायला मी लावलं होतं. फार वर्षांपूर्वी, दिसायला बरं दिसावं म्हणून. रमणभाईंनी तो टीव्ही बघितला आणि विश्वास ठेवला."

कोकिलाबेननी झाकलेल्या वाटीकडे बघितलं. मग विचारलं, "तो एमनो वांक नहोतो?" त्यांची चूक नव्हती तर?

"परवाना घेतला नव्हता. तो कोणीच घेत नव्हतं. पण न बघता उतरले नाहीत. बघून उतरले."

कोकिलाबेन उठल्या आणि सासऱ्यांच्या खाटेपाशी गेल्या. त्यांना खांद्याला धरून बसतं केलं. "बेन, हे पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "यांना सांगा. मोठ्याने सांगा, यांना कमी ऐकू येतं."

मोहितेबेननी पुन्हा सगळं सांगितलं. मोठ्याने. आपलं नाव घेऊन, आपण काय केलं ते, पहिल्यापासून. वाक्यावाक्याला थांबून. बाहेर ओसरीवर शेजारच्या दोन बायका येऊन उभ्या राहिल्या, त्यांनीही ऐकलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं, आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

कोकिलाबेन रडल्या नाहीत. वाट्या उचलून आत ठेवून आल्या आणि दारापाशी उभ्या राहिल्या. "हवे जाओ, बेन," त्या म्हणाल्या. आता जा.

रिक्षात मोहितेबेन म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं." मग हरणी येईपर्यंत घड्याळाचा पट्टा सारखा सोडत आणि लावत होत्या.

नोकरी सुटल्यावर त्यांनी घरी शिकवावं असं आम्हाला वाटायचं. विचारायला एक दोघं गेलेही. त्यांनी लॅपटॉप उघडला नाही. त्यांचे यजमान सुधीरराव रेल्वेतून निवृत्त झालेले. ते मला फोन करायचे. म्हणायचे, गॅस बंद केला का हे ती पुन्हा पुन्हा उठून बघते. कोणी 'सगळं ठीक' म्हटलं की चिडते, म्हणते, तुला कसं माहीत? मी भेटायला जायचे तेव्हा त्या माझ्या मुलाची चौकशी करायच्या, नाशिकची करायच्या. कारखान्याबद्दल चुकूनही विचारायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "मी शिकवलेल्या किती जणांनी असं कुठे कुठे भरून ठेवलं असेल गं? मला सगळीकडे जाऊन बघता येत नाही."

मी म्हणाले, "तुम्ही नाही शिकवलं ते. तुम्ही उलट शिकवलंत."

"आधी केलं, मग उलट शिकवलं," त्या म्हणाल्या, आणि भाजी निवडायला घेतली.

पुढे कोकिलाबेनना कारखान्यात पॅकिंगमध्ये कामाला घेतलं. मी त्यांना लांबून बघायचे. रिसेसमध्ये इतर बायकांबरोबर बसायच्या, कमी बोलायच्या.

मग सुधीररावांचा पुन्हा फोन आला. त्यांचा आवाज संकोचलेला होता. "माधवी अधूनमधून दुपारी वाघोडियाच्या बसने जाते. विचारलं तर फिरून आले म्हणते. तिथे ती कोणाला भेटते, तुला काही माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. काही दिवसांनी कळलं.

संध्याकाळी आमची कंपनीची बस फाटकातून बाहेर पडली आणि ट्रकांच्या गर्दीत नाक्यावर अडकली. रस्त्यापलीकडे गावाकडे जाणाऱ्या गाड्यांचा थांबा आहे, पत्र्याचं छप्पर आणि एक सिमेंटचा बाक. थांब्याच्या कडेला मोहितेबेन उभ्या होत्या. केस वाढलेले, फिक्या रंगाची साडी, हातात पिशवी नाही, काही नाही. फार बारीक झाल्या होत्या. पाळी सुटलेल्या बायका घोळक्याने रस्ता ओलांडत होत्या. त्यांत कोकिलाबेन होत्या.

बाकीच्या बायका भरलेल्या शटल रिक्षात दाटीवाटीने चढून गेल्या. कोकिलाबेनना जागा मिळाली नाही. त्या बाकावर बसल्या, डब्याची पिशवी शेजारी ठेवली. मोहितेबेन तिथेच चार पावलांवर होत्या. कोकिलाबेननी त्यांच्याकडे बघितलं. दचकल्या नाहीत, नवल वाटल्यासारखंही दिसलं नाही, म्हणजे हे पहिल्यांदा होत नसावं. दोघी रस्त्याकडे बघत राहिल्या.

मी खिडकीची काच सरकवायला लागले. हाक मारावी असं वाटलं, पण काच अर्ध्यावर अडकली.

तेवढ्यात कोकिलाबेननी बाकावरची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली. शेजारी एका माणसापुरती जागा झाली. त्यांनी मान वळवली नाही.

मोहितेबेननी त्या जागेकडे बघितलं. आमची बस हलली. मी मान मागे वळवून दिसेनासं होईपर्यंत बघत होते. त्या उभ्याच होत्या.